पुलाचा पडदा

"'...पुलावरचे सगळे दिवे तेवत आहेत, पण शेवटचा मात्र विझलेला आहे,'" धाकट्याने भाषणाच्या कागदावरून नजर न काढता आवाज खाली आणला, "'कारण चित्रकाराला स्वतःच्या अखेरची चाहूल लागली होती.' इथे मी जरा थांबणार. कसं वाटतंय?"

दुपारचा चहा नुकताच झाला होता आणि सगळं घर मागच्या कारखान्यात जमलं होतं. आईने पालथ्या हाताने डोळे टिपले. थोरल्याने स्वतःचंच कौतुक झाल्यासारखी मान डोलावली. वहिनी कप गोळा करता करता थांबली. मधोमध, लाकडी रुळाला गुंडाळलेला नाटकाचा तो पडदा पडला होता; उद्याच्या कलामहोत्सवासाठी संध्याकाळी सभागृहाची माणसं हातगाडी घेऊन तो न्यायला येणार होती. आणि कोपऱ्यात कुंचले धूत बसलेली ताई फस्सकन हसली.

"हसायला काय झालं?" धाकटा दुखावला. परगावच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा. त्याच्या बोलण्यावर हसायचं ते फक्त मुलांनी, आणि तेही त्याची पाठ वळल्यावर, अशी त्याला सवय होती.

"अरे, दिवा विझलेला नाही. काढायचा राहिलाय. सफेदा संपला होता, पांढरा रंग औषधालाही नव्हता आणि दुकान बंद होतं."

"हे बाबांनी सांगितलं तुला?"

"बाबांनी कशाला सांगायला हवं? तो पूल मीच काढलाय."

वहिनी सोडून बाकी तिघांचे आ वासले. खरं तर या घरात वाढलेल्या माणसांना यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं. पेंटरांच्या, म्हणजे बाबांच्या, कारखान्यातला एकही पडदा कधी जन्मभर टिकला नाही. सरसात कालवलेला भुकटीचा रंग तो. नाटकाचे प्रयोग संपले की पडदा परत यायचा, सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुतला जायचा, आणि वाळलेल्या त्याच कापडावर जंगल नाहीतर बाजार नाहीतर राजवाडा उभा राहायचा. कापड महाग, रंग स्वस्त, असा साधा हिशेब. याच तिन्ही भावंडांनी लहानपणी मागच्या हौदात उतरून, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत, कितीतरी राजवाडे पायांनी तुडवून काढले होते. गावाला हे ठाऊक नसेल तर नसेल. यांना ठाऊक होतं आणि तरीही यांनी एकदाही विचारलं नाही, की इतकी वर्षं टिकलेला हा एकच पडदा आला कुठून.

"काहीतरीच काय बोलतेस," थोरला उठला. त्याने रूळ पायाने थोडा ढकलला, कापडाचा खालचा कोपरा उलगडला आणि बोट ठेवलं. "हा काय? हा कुणाचा अंगठा?"

कोपऱ्यात काजळीचा काळा ठसा होता. रुंद, मधोमध जुन्या जखमेची आडवी रेघ असलेला.

"बाबांचा," ताई म्हणाली.

"मग?"

"मग काय मग? कारखान्यात चार-चार माणसं कामाला होती, तेव्हा त्यांच्या पडद्यांवर कुणाचा असायचा? तुझ्या त्या वाकड्या घोड्यावर कुणाचा होता? बाबा अंगठा द्यायचे म्हणजे पडदा पास झाला, दाराबाहेर जाऊ द्या. सही कुठली आलीय त्यात?"

थोरल्याला हेही ठाऊक होतं. पण गेल्या आठवड्यात शहरातून चित्रकलेच्या एक जाणकार बाई पडदा बघायला आल्या होत्या. ताई तेव्हा शेजारच्या गावात शाळेची भिंत रंगवत होती. बाईंनी गुडघे टेकून त्या अंगठ्याकडे भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "केवढी विनम्र स्वाक्षरी ही!" तेव्हापासून थोरल्यालाही ती स्वाक्षरीच दिसायला लागली. हवं ते पटायला माणसाला वेळ लागत नाही.

"बाबांचा पूल छपराच्या गळतीनं गेला," ताई सांगत होती. तिचा आवाज चढत होता आणि तिला तो आवरायचाही नव्हता. "बुरशी धरली होती. नाटकवाल्यांना पुन्हा तोच पूल हवा होता. बाबा तेव्हा आजाराने खुर्चीला खिळले होते. म्हणाले, धुऊन टाक आणि तुला दिसतो तसा काढ. मी काढला. तुम्ही दोघं कुठे होतात तेव्हा?"

"मी दुकानात होतो," थोरला म्हणाला. "पाट्या रंगवत. घर चालवत."

"आणि मी काय घर चालवत नव्हते?"

"ताई!" आई म्हणाली.

ताईने कुंचला खाली ठेवला. पुढचं ती थोरल्याशी बोलत नव्हतीच. ती त्या कोपऱ्याकडे बघत होती. "आजवर माझा एक पडदा असा गेला नाही, की अंगठा द्यायच्या आधी बाबांनी कुंचला मागितला नाही. इथे जरा सावली दे, तिथे फांदी जास्त झाली. काही ना काही असायचंच. या एकाच पडद्याला त्यांनी कुंचला मागितला नाही, तोंडानेही काही सुचवलं नाही. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, मला कोपऱ्याशी ने. मी खुर्ची ओढत नेली. बोटाला काजळी लावून दिली, कारण हात थरथरत होता. आणि त्यांनी अंगठा दिला. आख्ख्या जन्मात मला मिळालेली एवढी एक शाबासकी आहे. ती उद्या तुम्ही चौकटीत लावून, खाली त्यांचं नाव घालून, त्यांनाच परत करणार?"

थोरल्याने कोपऱ्यावरचं बोट उचललं.

वहिनीला आता राहवेना. नणंद-भावजयींची चूल वेगळी झाल्यापासून दोघींचं बोलणं मीठ-साखरेपुरतं उरलं होतं, आणि ताई तोंडावर आपटली असती तर वहिनीला दोन दिवस जेवण गोड लागलं असतं, हे तीही नाकारणार नाही. पण पडदा शिवायचं काम तिचं. कापडाचे पट्टे जोडून एवढं मोठं धूड उभं करायचं, तेही असं की लांबून शिवण दिसता कामा नये. त्या कामाबद्दल आजवर कुणी भाषण केलं नव्हतं. ती पुढे आली आणि कप तसेच जमिनीवर ठेवले.

"अहो, खालचा पट्टा नवा आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "जुना कुजला होता. धुतल्यावर मी कापून टाकला आणि हा जोडला. ही बघा शिवण, माझी आहे. अंगठा या नव्या पट्ट्यावर आहे. तुमचे बाबा तेव्हा चमचा धरू शकत नव्हते. वन्सं खोटं बोलत नाहीयेत."

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं सगळ्यांनाच माहीत आहे. नवाच तर पडदा होता! तुम्ही 'बाबांचा पडदा' म्हणायचात, मला वाटलं कारखान्याचा म्हणून म्हणताय. मला कोण विचारतंय."

ताईने वहिनीकडे बघितलं. आभार मानावेत असं तिला वाटलं, पण सवय मोडली होती.

पहिल्यांदा पेटला तो धाकटा. त्याचा स्वभावच तसा, काडी लावली की भडका. "हा सरळसरळ अन्याय आहे! दादा, हे सांगायलाच हवं. एका कलावंताचं काम दुसऱ्याच्या नावावर? मी वर्गात मुलांना हेच तर शिकवतो!"

"छान. मग उद्या तूच सांग," ताई म्हणाली. "भाषण तुझंच आहे."

धाकट्याने हातातल्या कागदांकडे पाहिलं. अखेरचा कालखंड, हाताला आलेली मुक्तता, विझलेला दिवा. उद्या त्याचे मुख्याध्यापक येणार होते, दोन सहकारी येणार होते, आणि हेच भाषण पुढे एका मासिकाच्या अंकात छापू असं जाणकार बाईंनी म्हटलं होतं. तो खोकला. "म्हणजे, सांगायला हवंच. पण इतक्या आयत्या वेळी... कार्यक्रम होऊ दे. मग आपण योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत—"

"झालं," वहिनी म्हणाली. "विझला दिवा."

थोरला रुळावर बसला. त्याचाही संताप खरा होता आणि तो कुणी ऐकून घेत नव्हतं, हे त्याचं कायमचं दुखणं. सभागृह चालवणाऱ्या कलामंडळाचा तो कार्यवाह. म्हणजे खुर्च्या मांडायच्या, माईक आणायचा, गावभर फलक रंगवायचे. अध्यक्षांना गाव पाठीमागे 'टाळ्या' म्हणायचं, कारण कुठल्याही समारंभात पहिली टाळी त्यांचीच असायची. त्या टाळ्यांच्या दारात तो वर्षानुवर्षं उभा राहिला होता. बाबा जन्मभर त्या सभागृहात मागच्या दाराने गेले, खांद्यावर रूळ घेऊन. एकदा प्रयोग बघायला म्हणून पुढे जाऊन बसले तर त्यांना उठवलं होतं, कामाची माणसं आत थांबतात म्हणून. तेव्हा थोरला सोबत होता. लहान होता, पण विसरण्याएवढा नाही. उद्या त्याच सभागृहातलं दालन बाबांच्या नावाचं होणार होतं. आणि अट एकच होती, दालनात बाबांच्या हातचं काहीतरी हवं. सगळं धुऊन टाकणाऱ्या माणसाच्या हातचं काहीतरी!

"समजा आत्ता जाऊन सांगितलं," तो म्हणाला, "तर दालन जाईल. टाळ्या निमित्तच शोधतोय. त्याला त्याच्या सासऱ्यांचं नाव द्यायचंय. मग तुझं नावही नाही आणि बाबांचंही नाही. हेच हवंय का तुला?"

"मला माझा पडदा हवाय."

"माझा, माझा! बाबांनी तुला कुंचला दिला. मला काय दिलं? 'तुझा हात सरळ आहे, तू अक्षरं काढ.' झालं. मी पाट्या रंगवल्या. कधी बोललो?"

"आज बोललास ना."

"पुरे!" आई म्हणाली. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. "तू गप्प बसायचंस, ताई. त्यांचं नाव लागतंय. मला डोळ्यांनी बघू दे."

"आणि माझं नाव?"

"तुझं काय? तू आहेस अजून. लागेल कधीतरी."

ताई पुन्हा कुंचले धुवायला बसली. हातगाडी आल्यावर तिने रुळाचं एक टोक उचललं आणि दुसरं टोक वहिनीने, कुणी न सांगता.

*

सकाळी सभागृहात ताईला सर्वांच्या आधी बोलावणं आलं, ते कामाला. पडदा चौकटीत ताणून बसवायचा होता आणि मंडळातल्या कुणालाच ते जमत नव्हतं. ती शिडीवर उभी राहून कापड खेचत होती आणि अध्यक्ष खालून हात हलवत होते. "जरा डावीकडे. अंहं, जरा वर. जपून हं बाई, अमूल्य वस्तू आहे."

"हो का," ताई शिडीवरून म्हणाली.

त्या उंचीवरून तिला सगळं सभागृह दिसत होतं आणि बघून बघून तिचं डोकं तापत होतं. महोत्सव म्हणे गावाच्या कलेचा. मडकी घडवणाऱ्या म्हातारीला जागा दिली होती स्वच्छतागृहाच्या दाराशी, कारण तिच्या चाकाने फरशी घाण होते. बासरीवाल्याला सांगितलं होतं, पाहुण्यांचा नाश्ता चालू असताना मंद वाजवा, बोलण्यात व्यत्यय नको. गावच्या नाटकमंडळीला वेळ मिळाली होती ती बरोबर जेवणाची, म्हणजे बघायला कोण, तर रिकाम्या खुर्च्या आणि ताटं उचलणारी माणसं. रंगमंचावर मात्र मोठ्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्यांतल्या एकाही खुर्चीवर बसणाऱ्याने आयुष्यात कधी हाताला रंग लावून घेतला नव्हता. मडकीवाल्या म्हातारीने वर बघून ताईला विचारलं, "तू काय मांडलंयस यंदा?" ताई म्हणाली, "मी हमाल आहे यंदा." म्हातारी म्हणाली, "म्हणजे तुला दाराशीसुद्धा जागा दिली नाही," आणि चाकाकडे वळली.

तरीही ताईने गप्प बसायचं ठरवलं होतं. रात्रभर कूस बदलून ती तिथवर आली होती. आई पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतल्या कपड्यांत, आणि पुन्हा पुन्हा मान वळवून दालनाच्या दारावरच्या नावाकडे बघत होती. तो चेहरा बघून कुणाची जीभ उचलली असती? ताई मागे, शिडीला टेकून उभी राहिली. वहिनी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. पुढे खुर्ची होती तिच्यासाठी, कार्यवाहांची बायको म्हणून, तरी ती मागेच थांबली.

पडद्याच्या खाली थोरल्याने आदल्या दिवशीच रंगवलेला फलक होता. 'पुलाचा पडदा' आणि त्याखाली 'पेंटर यांची अखेरची कलाकृती'. अक्षरं अशी घोटीव, की छापल्यासारखी वाटावीत.

पडद्यावरच्या आवरणाची दोरी ओढली गेली, अध्यक्षांनी पहिली टाळी वाजवली. जाणकार बाई बोलल्या. साधेपणा, माती, अनाम परंपरा असले शब्द त्यांच्या तोंडून सुटत होते आणि माणसं माना हलवत होती. कुणाला काही कळत नव्हतं, तरी न कळल्याचं दाखवायची कुणाची तयारी नव्हती. मग धाकटा उभा राहिला.

ताईला वाटलं, तो गाळेल. निदान तेवढं एक वाक्य तरी गाळेल. काल सगळं कानांनी ऐकलं होतं त्याने. तो कालखंडावर आला, मुक्ततेवर आला. एकदा त्याची नजर मागे शिडीपर्यंत आली आणि घाईने परत गेली. आणि मग त्याने आवाज खाली आणला.

"पुलावरचे सगळे दिवे तेवत आहेत, पण शेवटचा मात्र विझलेला आहे. कारण चित्रकाराला स्वतःच्या अखेरची चाहूल लागली होती."

आणि तो थांबला. ठरवल्याप्रमाणे. सभागृह चिडीचूप झालं.

"सफेदा संपला होता," ताई म्हणाली.

एवढ्या शांततेत ते शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचलं. माणसं वळून बघायला लागली. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. ती शिडी सोडून पुढे आली.

"दिवा विझलेला नाही, काढायचा राहिला. तो पूल मी काढलाय, पेंटरांनी नाही. त्यांचा पूल आम्ही धुऊन टाकला, त्यांच्याच सांगण्यावरून. तो अंगठा त्यांचा आहे, पण ती सही नाही. त्यांनी माझा पडदा पास केला, तो अंगठा आहे तो. दालनाला त्यांचं नाव आहे ते योग्यच आहे, उशिरा का होईना. पडदा माझा आहे."

अध्यक्ष हसले, जमावासमोर मूल रडायला लागल्यावर हसतात तसे. "बाई, भावना समजतात. वडील गेल्याचं दुःख—"

"दुःख नाही, राग आहे हा," वहिनी मागून म्हणाली. "कान आहेत ना तुम्हाला?"

जाणकार बाईंनी चष्मा काढला आणि पडद्याकडे नव्याने बघितलं. "म्हणजे हा मूळ पडदा नव्हे?"

"हाच मूळ आहे," ताई म्हणाली. "मुळात मीच काढलाय."

"हं." बाईंनी चष्मा परत लावला. "तसं म्हटलं तर पुलाची ती कमान मला जरा कच्ची वाटतच होती."

अहो, तोच पूल! तीच कमान, तेच पाणी, तेच कापड! कालपर्यंत त्या कमानीत यांना मुक्तता दिसत होती आणि आज त्याखाली एका बाईचा हात निघाला तर ती कच्ची झाली. धाकटा व्यासपीठावर कागद हातात धरून उभा होता. खाली कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं.

"हे बघा," अध्यक्ष आता हसत नव्हते, "उठून कुणीही काहीही म्हणेल. साक्ष काय?" आणि ते पहिल्या रांगेकडे वळले. हा माणूस माणसं ओळखण्यात कधी चुकत नसे असं म्हणतात. तो त्या दिवशी चुकला. "आई, तुम्हीच सांगा सगळ्यांना. तुमच्या यजमानांचा पडदा आहे ना हा? मुलगी बोलतेय ते खरं की खोटं?"

आईला काल काय हवं होतं ते कारखान्यातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. एक शब्द बोलली असती तर सगळं तिच्या मनासारखं झालं असतं. नाव दारावर होतंच, पडदाही नवऱ्याचाच राहिला असता.  आई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिला वेळ लागला.

"खोटं?" ती म्हणाली. "माझी लेक खोटं बोलते का, असं विचारताय मला? चारचौघांत?"

"तसं नव्हे, आई, मी फक्त—"

"घरात मी तिला काय वाटेल ते बोलेन. तुम्ही कोण?" आईचा आवाज कापत होता, आणि म्हातारपणाने नव्हे. "तिच्या बापाला याच सभागृहातून उठवलं होतं तुमच्या लोकांनी. आता तिला खोटी ठरवताय? तिनं काढलाय म्हणते ना, मग तिनंच काढलाय. तिच्या बापानं अंगठा दिलाय त्यावर. आणखी कुणाची साक्ष हवी?"

ती खाली बसली. काल गप्प केलेल्या मुलीकडे मात्र तिने वळून बघितलं नाही. तेवढं तिला जमलं नाही.

मग मंडळाने जे केलं ते सर्व मंडळं करतात. चहाच्या टेबलाशी घोळका झाला. डोकी एकत्र आली, हात हलले, जाणकार बाईंनी दोन वाक्यं सांगितली, आणि ताई, जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, तिला कुणी बोलावलं नाही. बासरीवाल्याला खूण करण्यात आली, वाजव म्हणून. तो म्हणाला, आता मन नाही, आणि बासरी पिशवीत घालून बसून राहिला.

अध्यक्षांनी थोरल्याला बाजूला घेतलं. "कार्यवाह, तोडगा निघालाय. वाद नको. दालनाचं नाव तसंच राहील. पडदाही राहू दे, आता काढला तर भिंत मोकळी दिसेल. फक्त फलकावरची खालची ओळ बदला. 'कलावंत अज्ञात.' बाई म्हणाल्या, असं सगळीकडे करतात. रंग आहे ना तुमच्याकडे?"

रंगाची पेटी थोरल्याजवळ होतीच. ती नसती तर मंडळाला त्याचा काय उपयोग होता? त्याने पेटी उचलली आणि फलकापाशी गेला. काल रंगवलेली ओळ अजून पुरती वाळली नव्हती. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या फडक्याने त्याने ती पुसली, बापाचं नाव पुसलं, आणि हात थांबला.

"अज्ञात म्हणजे काय?" त्याने वळून विचारलं.

"अहो, म्हणजे माहीत नसलेला."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला असेल. मंडळाला नाही ना माहीत!"

"ती काय तिथे उभी आहे," थोरला म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "सकाळपासून तुम्ही तिला डावीकडे-उजवीकडे करत होतात. खोकली तर इथवर ऐकू येईल एवढ्यावर उभी आहे. माझी बहीण आहे. अज्ञात?"

"आवाज खाली, कार्यवाह. पद आहे तुमच्याकडे."

"घ्या परत. खुर्च्या मांडायला दुसरा बघा."

त्याने चपटा कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि डब्याच्या काठावर निथळला. या गावातल्या निम्म्या दुकानदारांची, डॉक्टरांची, वकिलांची, मेलेल्यांची आणि निवडून आलेल्यांची नावं त्याने रंगवली होती. बहिणीचं नाव रंगवायची वेळ कधी आलीच नव्हती. दुकान नाही, दवाखाना नाही, कुठल्या पाटीवर येणार ते? पहिलं अक्षर कुठून सुरू करावं याचा त्याला अंदाज येईना. दुकानातला हात होता त्याचा, डोळे मिटून चालणारा, आणि आता तो फळ्यावर पहिल्यांदा लिहिणाऱ्या मुलासारखा अडखळत होता. अध्यक्ष मागे उभे राहून काहीतरी म्हणत होते. ठरावाबद्दल, अधिकाराबद्दल. त्याने पहिलं अक्षर काढलं. बारीक आलं, जागा पुरावी म्हणून जपून काढलेलं.

ताई त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि राग अजून उतरला नव्हता.

"पूस ते," ती म्हणाली. "मोठं काढ, दादा. दाराशी बसलेल्यांना वाचता यायला हवं."